घडवलेला मासा

रांचू हा वरून पाहायचा गोल्डफिश आहे. काचेतून कडेनं बघितला तर तो बुटका आणि जाडसर दिसतो. पाठीवर पर नाही, कंबर एकदम खाली उतरलेली, शेपटी आखूड. पण टाकीचं झाकण काढून वरून वाकून पाहावं. रुंद, भरदार पाठ, डोक्यावर तुतीच्या फळासारखी मऊ मांसल टोपी, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी दोन्ही बाजूंना उलगडत जाणारी शेपटी. ज्या लोकांनी चीनमध्ये आणि जपानमध्ये हा मासा पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणला, त्यांच्याकडे काचेच्या टाक्या नव्हत्या. अंगणात मातीचे, चिनी मातीचे मोठे कुंड असत आणि त्यांत वाकूनच बघावं लागे. त्या वाकलेल्या नजरेला जे सुंदर वाटलं, तेच माशाच्या पाठीवर उतरत गेलं. बघणाऱ्याच्या नजरेनं एखाद्या प्राण्याचं शरीर इतकं बदललेलं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

माझ्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे. तिच्यात एक लाल टोपीचा ओरांडा, एक रांचू, एक पर्लस्केल आणि एक ब्लॅक मूर, एवढाच परिवार, चौघंही गोल्डफिशच. सकाळी दूध तापत ठेवलं की मी आधी टाकीचं झाकण उघडते. चौघं वर येतात की नाही, पर पसरलेले आहेत की अंगाशी मिटलेले, कल्ले नेहमीच्या लयीत हलताहेत की घाईनं, पाण्याला ताज्या मातीसारखा वास आहे की उग्र, हे सगळं त्या दोन मिनिटांत कळतं. पर मिटून कोपऱ्यात बसलेला मासा सहज बसलेला नसतो. त्याला काहीतरी होत असतं, आणि तो ओरडू शकत नसल्यामुळे ते आपल्यालाच बघून ओळखावं लागतं.

गोल्डफिश मूळचा सोनेरी नाही. चीनमधल्या नद्या-तळ्यांत राहणारा, शेवाळी-करड्या रंगाचा, आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला तो एक लहानसा मासा. त्यांच्यात अधूनमधून एखादा तांबूस किंवा पिवळा निपजायचा. उघड्या पाण्यात असा चमकणारा मासा फार दिवस टिकत नाही. बगळ्याला आणि खंड्याला पहिला तोच दिसतो. पण चीनमध्ये बौद्ध मठांजवळ तळी असत. पकडलेले जीव मारण्याऐवजी पुण्य म्हणून त्या तळ्यांत सोडून देण्याची रीत होती. वेगळा, रंगीत मासा जाळ्यात आला की तो खाण्यापेक्षा तळ्यात सोडावासा वाटे. तिथे त्याला कोणी मारत नव्हतं. असे रंगीत मासे एकत्र आले, त्यांची वीण झाली आणि रंग टिकला. या सगळ्याची सुरुवात कुणाच्या तरी दयेतून झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे सोंग राजवटीत, बाराव्या शतकात, दक्षिणेकडच्या हांगचौ या राजधानीत सोनेरी माशांचा शौक राजवाड्यापर्यंत पोचला. गाओझोंग या सम्राटाच्या वाड्यात सोनेरी माशांचं तळं होतं. यूए के नावाच्या लेखकानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानीतल्या मासे पाळणाऱ्यांविषयी लिहून ठेवलं आहे. माशाला सोन्याचा रंग कसा आणता, असं विचारलं तर ते सांगत नसत. लोक म्हणायचे की बाजारातल्या घाण पाण्याच्या चरांमधले बारीक लाल किडे खायला घालतात. रंग त्या किड्यांनी येत नव्हता, तो रक्तातून येत होता. पण ही नोंद वाचताना मला आपली दुकानं आठवतात. आठशे वर्षांनंतरही प्लॅस्टिकच्या पिशवीत वळवळणारे ते लाल ट्यूबिफेक्स किडे सांडपाण्याच्या नाल्यांतूनच गोळा होतात. मासे ते अधाशासारखे खातात, आणि त्यांच्याबरोबर रोगही टाकीत येतात. माझ्या टाकीत मी ते कधी घालत नाही.

मिंग राजवटीत मासे तळ्यातून घरातल्या कुंडांत आले आणि खरी घडवणूक तिथे सुरू झाली. तळ्यात दुहेरी शेपटीचा, मंद पोहणारा मासा चपळ भावंडांच्या स्पर्धेत उपाशी राहिला असता. कुंडात त्याला वेगळं ठेवता आलं, वेगळं भरवता आलं. १५९६ साली झांग चिएंद या तरुणानं शेंदरी माशांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. उन्हाळ्यात मासे विकत आणावेत, वेगवेगळ्या कुंडांत वाढवावेत, रोज त्यांतले कमअस्सल काढून टाकत जावेत आणि शंभरातले एक-दोन ठेवावेत, असा त्याचा सल्ला आहे. ‘काढून टाकत जावेत’ हे वाचताना मी दर वेळी थांबते. ज्या रांचूची पाठ मी कौतुकानं बघते, तिच्यामागे शंभरातल्या उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा हिशोब आहे, आणि हा हिशोब चारशे वर्षं रोज कुठे ना कुठे चालू आहे. जपानमध्ये हे मासे सोळाव्या शतकाच्या आरंभी पोचले. नारा प्रांतातल्या कोरियामा गावात १७२४ साली तिथे बदलून आलेल्या सरदारानं ते बरोबर नेले. पुढे कमी पगाराचे सामुराई जोडधंदा म्हणून त्यांची पैदास करू लागले. कोरियामात आजही गोल्डफिशची तळी आहेत.

दुहेरी शेपटीचं कोडं मात्र अगदी अलीकडे उलगडलं. कोट्यवधी वर्षांच्या इतिहासात माशाची शेपटी एकच राहिली. उभी, मधोमध, पाणी कापणारी. मग ओरांडा, रयुकिन, रांचू या गोल्डफिशच्या प्रकारांना आडवी पसरणारी जोडशेपटी आली कुठून? तैवानमधल्या अकॅडेमिया सिनिकाच्या प्रयोगशाळेतून २०१४ साली याचं उत्तर आलं. अंड्यातल्या गर्भाची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवण्यात कॉर्डिन नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो. ते बिघडलं तर इतर माशांचं पिल्लू सहसा जगत नाही. पण गोल्डफिशच्या पूर्वजांमध्ये सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी सगळी जनुकंच दुप्पट झाली होती. त्यामुळे त्यांच्याकडे कॉर्डिनच्या दोन प्रती आहेत. त्यांतली एक बिघडली, दुसरीनं जीव वाचवला, आणि बिघाडाची खूण म्हणून शेपटी दोन झाली. एरवी मरून गेला असता असा बिघाड त्या कुंडांमध्ये कुणाला तरी देखणा वाटला आणि जपला गेला.

आता त्या जपणुकीची किंमत बघावी लागते. शरीर आखूड आणि गोल झालं तसं आतलं सगळं दाटीवाटीनं बसलं. तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी दबते, वाकडी होते. म्हणून या माशांना मध्येच तोल सांभाळता येत नाही; कधी डोकं खाली शेपटी वर, कधी पोट वर करून पृष्ठभागाला चिकटून राहतात. ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आले, पण नजर अधू झाली. समोरचा दाणा त्याला दिसायच्या आधी वासानं कळतो, तोवर दुसऱ्यानं तो पळवलेला असतो. ओरांडाची डोक्यावरची टोपी वाढता वाढता कधी डोळ्यांवर येते. बबल आयच्या डोळ्यांखाली द्रवानं भरलेल्या दोन पिशव्या लोंबतात; फिल्टरच्या तोंडाशी ओढल्या गेल्या किंवा टोकदार दगडाला लागल्या तर फुटतात. सेलेस्टियलचे डोळे कायमचे आकाशाकडे लागलेले असतात, आणि खाली पडलेलं खाणं त्याला शोधत फिरावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. बबल आय आणि सेलेस्टियल यांची पैदास थांबली पाहिजे. त्यांचं रूप त्यांच्या रोजच्या हालांवर उभं आहे आणि त्यात मला कसलंही सौंदर्य दिसत नाही. ओरांडा, रयुकिन, रांचू यांच्याबाबतीत मी इतकं टोकाचं म्हणणार नाही. मध्यम ठेवणीचा, पाठ सरळ असलेला ओरांडा चांगल्या पाण्यात दहा-पंधरा वर्षं सुखानं जगतो, खेळतो, माणसाला ओळखतो. पण तोही नदीत परत जाऊ शकत नाही. हजार वर्षं आपण त्याचा वेग काढून घेतला, त्याचा लपवणारा रंग काढून घेतला, आणि त्याला आपल्या हाताशी आणून ठेवलं. आपल्याला हवा तसा तो झाला. त्यामुळे त्याची काळजी घेणं हा मला छंद वाटत नाही. ते देणं आहे, आणि फेडणारे आपणच आहोत, दुसरं कोणी नाही.

हे देणं बहुतेक पाण्यातच फेडायचं असतं. गोल्डफिश खूप खातो आणि खूप घाण करतो. कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो, आणि तोच अमोनिया साठला की त्याचेच कल्ले जाळतो. टाकीतलं पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असतानाही त्यात हे विष असू शकतं. त्यावरचा उपाय डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणूंची वस्ती होते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बरंच सौम्य असतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी आणून सोडलेले मासे आठ-दहा दिवसांत का मरतात, याचं कारण बहुधा एवढंच असतं. तो स्पंज नळाखाली खळखळून धुतला की क्लोरीननं ही सगळी वस्ती मरते. म्हणून तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. नायट्रेटनं भरलेलं ते पाणी मी गच्चीतल्या कुंड्यांना घालते. मोगरा आणि कढीपत्ता त्यावर चांगले पोसतात.

आपल्याकडे पाण्याचे प्रकारही सांभाळावे लागतात. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास वाढतो. सोसायटीची टाकी धुतली आणि ब्लीचिंग पावडर घातली की त्या दिवशी पाणी बदलायचंच नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी पिंपात पाणी भरून एअर पंप सोडून दिवसभर ठेवायचं, किंवा दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळतात ते थेंब घालायचे. बोअरवेलचं जड पाणी, ज्यानं बादलीला पांढरे थर बसतात, ते या माशांना मानवतं. दख्खनच्या काळ्या कातळातून येणारे क्षार त्यांच्या अंगाला लागतात. मात्र अशा अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो, तेव्हा जड पाणी आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. हा थंड पाण्याचा मासा. वीस-बावीस अंशांत तो खूश असतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तिशीला पोचतं. वीस अंशांच्या पाण्यात दर लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. आणि गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. अशा दुपारी वीज गेली की एअर पंप बंद पडतो आणि थोड्याच वेळात चौघं वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप टाकीशेजारीच असतो, आणि तो नसेल त्या वेळी मग्यानं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत बसायचं. झाकण काढून वर टेबलफॅन सोडला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं.

याच माशाच्या अंगात एक विलक्षण शक्ती आहे. थंड प्रदेशात तळ्यावर बर्फ गोठून खालच्या पाण्यातला प्राणवायू संपला, की गोल्डफिश आणि त्याचे जवळचे नातेवाईक शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं मद्यार्कात रूपांतर करतात आणि तो मद्यार्क कल्ल्यांतून बाहेर सोडून देतात. प्राणवायूशिवाय ते कितीतरी काळ तग धरतात. हा रानटी वारसा जोडशेपटीच्या, फुगीर पोटाच्या माशातही उरला आहे. पण तो कामी येतो तो गारठ्यात, जेव्हा शरीराचा सगळा कारभार मंदावलेला असतो. मे महिन्यातल्या दुपारी त्याचा काही उपयोग नाही.

शेजारची दुसरीतली मुलगी संध्याकाळी टाकीसमोर येऊन बसते. परवा विचारत होती, “काकू, यांचं पोट भरतच नाही का?”

“त्यांना पोटच नाही गं,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. पण ते खरंच आहे. गोल्डफिशला जठर नसतं. घशातल्या दातांनी खाणं चुरडलं की ते थेट लांब आतड्यात जातं. साठवायला जागा नाही, म्हणून तो दिवसभर चरत राहणारा प्राणी आहे आणि म्हणूनच माणूस दिसला की काचेशी येऊन नाचतो. ते नाचणं बघून आपला हात डब्याकडे जातो, आणि तिथेच सांभाळायचं असतं. थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, दाणे आधी भिजवून. आठवड्यातून एकदा उकडलेला मटार, साल काढून. त्या मुलीला आता मटार सोलायचं काम दिलं आहे आणि ती ते फार मन लावून करते. आधी ब्लॅक मूरच्या तोंडाजवळ दाणा धरायचा, मग बाकीच्यांना टाकायचं, हा नियम तिनंच केला.

ब्लॅक मूरविषयी मला आणखी एक बोलायचं आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत आठ सोनेरी मासे आणि एक काळा अशी टाकी ठेवतात. वास्तूसाठी. काळा मासा घरावरचं संकट ओढून घेतो, अशी समजूत आहे. तो काळा मासा बहुधा ब्लॅक मूरच असतो; नजरेनं अधू, खाण्यात मागे पडणारा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जेमतेम सत्तावन्न लिटर पाणी मावतं. तेवढ्या पाण्यात नऊ गोल्डफिश ठेवले तर ते मरणारच, आणि बरेचदा पहिला जातो तो काळाच. मग घरातली माणसं म्हणतात, गेली इडापिडा, माशानं अंगावर घेतली. दुसऱ्या दिवशी नवा काळा मासा येतो. असं बोलणाऱ्या माणसांचं मन वाईट नसतं. कित्येकांना त्या माशाविषयी खरी कृतज्ञता वाटते. पण या समजुतीमुळे पाणी कोणी तपासत नाही. त्या माशानं संकट घेतलेलं नसतं. त्याला श्वास घेता आलेला नसतो.

गोल भांड्याचंही तेच. मातीस या चित्रकारानं १९१२ साली काढलेल्या प्रसिद्ध चित्रात काचेच्या उभ्या भांड्यात लाल मासे आहेत आणि ते चित्र डोळ्यांना निववणारं आहे. पण चित्रातल्या माशांना प्राणवायू लागत नाही. भांड्यात फिल्टर बसत नाही, हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभाग लहान, पाणी चार-पाच लिटर. इटलीत मोंझा शहरानं २००४ साली आणि रोमनं २००५ साली अशा गोल भांड्यांत मासे ठेवायला मनाई केली. आपल्याकडे मात्र वाढदिवसाची भेट म्हणून भांड्यासकट मासा देतात. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक साधा, एका शेपटीचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता. तो १९९९ पर्यंत जगला, त्रेचाळीस वर्षं. मासा दोन महिन्यांचाच असतो असं आपण मानतो, कारण आपण त्याला दोन महिन्यांहून जास्त जगूच देत नाही.

आणि कंटाळा आला म्हणून किंवा बदली झाली म्हणून हे मासे नदीत, गावच्या तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. मठाच्या तळ्यात मासा सोडणं हे एकेकाळी पुण्य होतं. आज आपल्या तळ्यात गोल्डफिश सोडणं हे त्या तळ्याचं नुकसान आहे. जोडशेपटीचा मासा तिथे बगळ्याच्या तोंडी जाईल, आणि एका शेपटीचा धट्टाकट्टा निघाला तर तळ ढवळून, पाणवनस्पती उपटून, मूळच्या माशांच्या जागा बळकावेल. परदेशातल्या कितीतरी तळ्यांत हे घडलं आहे. ठेवणं शक्य नसेल तर दुकानदाराला परत द्या किंवा पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे सोपवा.

ज्यांना नव्यानं पाळायचे आहेत त्यांनी आधी टाकी आणावी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एकशे नव्वद लिटर पाणी, तीन किंवा चार मासे, त्याहून जास्त नाहीत. फिल्टर लावून, रोज अमोनियाचे दोन थेंब किंवा चिमूटभर खाणं टाकून ती महिना-दीड महिना माशांशिवाय चालू ठेवावी, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत. मग दुकानात जावं आणि मासा निवडताना रंग शेवटी बघावा. आधी तो सरळ पोहतो का ते पाहावं.